ठरावावर हात वर करण्याआधी पैसा कुणाचा ते बघ

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळची नाशिकची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे यूसीच्या एका कॅम्पसवर तिसऱ्या वर्षाला आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. विद्यार्थी सिनेटवर निवडून आले ते मेसचं जेवण आणि रात्रीच्या बसफेऱ्या या मुद्द्यांवर. आता तीन आठवड्यांनी इस्रायलशी संबंधित कंपन्यांतून विद्यापीठाने गुंतवणूक काढून घ्यावी असा ठराव आमच्यापुढे येतोय. इनबॉक्समध्ये शेकडो मेल पडलेत. माझी रूममेट पॅलेस्टिनी वंशाची आहे, लॅब पार्टनर ज्यू आहे, आणि दोघीही विचारतात, तू कुणाच्या बाजूला? गाझातल्या बातम्या बघून मला झोप लागत नाही, हे खरं. पण आमचं आजोळ रेवदंड्याचं. आजीच्या शेजारचं बेने इस्रायली, म्हणजे कोकणी ज्यू, कुटुंब इस्रायलला गेलं, त्यांची पत्रं आजीने शेवटपर्यंत जपून ठेवली होती. आई-बाबांचं म्हणणं एकच, त्या दिवशी आजारी पड, व्हिसा सांभाळ. मी बाजूने मत देऊ, विरोधात देऊ, तटस्थ राहू की खरंच आजारी पडू?
— एक सिनेटर

उत्तर : आजारी पडण्याचा पर्याय आधीच बाद करते. बहुतेक सिनेटांत ठरावीक बैठका चुकवल्या की पदावर गदा येते, आणि या एका बैठकीला कोण आलं नाही हे कॅम्पसच्या वर्तमानपत्रात हमखास छापून येतं. उरलेल्या तीन पर्यायांपैकी कुठला बरोबर, हे तुझ्या पत्रावरून सांगता येत नाही. रूममेट काय म्हणते, लॅब पार्टनर काय म्हणते, आई काय म्हणते हे सगळं तू लिहिलंस. ठराव काय म्हणतो, ते लिहिलंच नाहीस. अंदाज असा आहे की तू तो पूर्ण वाचलेला नाहीस. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तुझ्या सिनेटमधल्या निम्म्या लोकांनी वाचलेला नसणार.

आधी तो छापून घे. वरचा अर्धा भाग ‘ज्याअर्थी’चा असतो: इतिहास, आकडे, संयुक्त राष्ट्रांचे दाखले. खालचा भाग ‘म्हणून असे ठरवण्यात येते की’चा. भाषणं सगळी वरच्या भागावर होतात आणि परिणाम सगळे खालच्या भागाचे असतात. खालच्या भागातलं प्रत्येक क्रियापद पेन्सिलने अधोरेखित कर. ‘आवाहन करते’, ‘निषेध करते’, ‘खर्च करणार नाही’, ‘पाठिंबा देते’, ‘समिती नेमते’. ही पाच वेगवेगळी कामं आहेत आणि पाचांवर तुझं मत एकच असायला हवं असं कुणी सांगितलेलं नाही.

‘आवाहन करते’ म्हणजे विद्यापीठाच्या मोठ्या पैशाबद्दल वरच्यांना केलेली विनंती. ‘खर्च करणार नाही’ म्हणजे तुमच्या सिनेटच्या स्वतःच्या तिजोरीबद्दलचा हुकूम. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि बरेच ठराव दोन्ही एकाच दमात लिहून मोकळे होतात.

मोठ्या पैशाचं बघू. ‘विद्यापीठाचा पैसा’ असं सरसकट बोललं जातं तेव्हा देणग्यांतून साठलेला कायम निधी आणि कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंड एकत्र मोजले जातात. दोन्हींची सूत्रं यूसीच्या रीजंट्सकडे, म्हणजे नियामक मंडळाकडे आहेत. मे २०२४ मध्ये यूसीच्या मुख्य गुंतवणूक अधिकाऱ्यांनी रीजंट्सपुढे हिशेब मांडला की आंदोलकांची मागणी जशीच्या तशी धरली तर १७५ अब्ज डॉलरपैकी ३२ अब्जांच्या गुंतवणुकीला धक्का लागतो. हा आकडा तुझ्या बैठकीत दोन्हीकडून फेकला जाईल. तो फोडून ठेव. शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांत ३.३ अब्ज होते. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीकडे ८.६ अब्ज होते. आणि तब्बल १२ अब्ज होते अमेरिकन सरकारच्या ट्रेझरी रोख्यांत. मागणी सैल शब्दांत लिहिली की तिच्यात अमेरिकन सरकारला दिलेलं कर्जसुद्धा मोजता येतं, आणि मग ‘हे अशक्य आहे’ म्हणायला समोरच्याला एक आकडा पुरतो. शिवाय त्या १७५ अब्जांतला अर्ध्याहून अधिक पैसा निवृत्तिवेतनाचा आहे. तो तुमच्या प्रोफेसरांचा आणि मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींचा. त्याला हात लावायचे नियम देणगी निधीपेक्षा कडक असतात. ठरावात कायम निधी म्हटलंय की सगळीच गुंतवणूक, हे बघ.

नेमकं कशात काय गुंतलंय हे थोडंफार तुलाही तपासता येतं. अमेरिकन शेअर बाजारात थेट मालकीच्या असलेल्या समभागांची यादी मोठ्या संस्थांना तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत एसईसीकडे, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाकडे, १३एफ नावाच्या फॉर्मवर द्यावी लागते. यूसीचे रीजंट्सही ती देतात. एसईसीच्या एडगर संकेतस्थळावर ती फुकट बघता येते. ठरावात दहा कंपन्यांची नावं असतील तर ती दहा त्या यादीत शोध. सापडली नाहीत म्हणजे पैसा नाहीच असं मात्र समजू नकोस. कर्जरोखे, परदेशी बाजारातले शेअर, खाजगी फंडांतला पैसा यांतलं काहीच तिथे दिसत नाही. बाहेरच्या व्यवस्थापकाच्या फंडात किंवा इंडेक्स फंडात गुंतलेला पैसा असेल तर त्यातून एकच कंपनी चिमट्याने उचलून काढता येत नाही. अख्खा फंड सोडावा लागतो, नाहीतर व्यवस्थापकाला वेगळं खातं उघडायला लावावं लागतं, आणि त्याला पैसे पडतात.

ब्राऊन विद्यापीठात नेमकं हेच आडवं आलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी एप्रिल २०२४ मध्ये मैदानातले तंबू उठवले ते प्रशासनाने नियामक मंडळापुढे मतदान घ्यायचं कबूल केल्यावर. मागणी स्पष्ट होती: एअरबस, बोईंग, जनरल डायनॅमिक्स, मोटोरोला सोल्यूशन्स, व्होल्वो ग्रुप वगैरे दहा कंपन्या. विद्यापीठाच्या सल्लागार समितीने ८ विरुद्ध २, एक तटस्थ, अशा मतांनी नकार सुचवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मंडळाने नकारावर शिक्कामोर्तब केलं. विद्यापीठाने दिलेल्या कारणांत एक असं होतं की या दहांत आमची थेट गुंतवणूक शून्य आहे, जी आहे ती बाहेरच्या व्यवस्थापकांमार्फत आणि अगदी किरकोळ. ठरावाच्या बाजूचे म्हणतात, किरकोळ आहे तर काढायला काय हरकत? विरोधक म्हणतात, किरकोळ आहे तर हा सगळा खेळ प्रतीकाचाच आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

याच्या उलट सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाचं. तिथे २०२४ मध्ये विद्यार्थी आणि प्रशासन एकत्र बसले आणि देशाचं नावच न घालता निकष ठरवला: ज्या कंपनीचा पाच टक्क्यांहून अधिक महसूल शस्त्रनिर्मितीतून येतो तिच्यात थेट गुंतवणूक नको. मोजता येणारी रेघ, जगातल्या कुठल्याही युद्धाला लागू. तुझ्या सिनेटमधल्या ज्या लोकांना ‘एकाच देशावर बोट का’ हा प्रश्न खरोखर सतावतो, त्यांना हा मार्ग दाखवून बघ. ज्यांना तो प्रश्न फक्त ठराव पाडण्यापुरता हवा आहे, ते याच्याही विरोधात जातील. तेवढी पारख आपोआप होते.

काही ठराव संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या यादीचा आधार घेतात. ती यादी इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशातल्या वसाहतींशी संबंधित धंदा करणाऱ्या कंपन्यांची आहे. २०२० मध्ये तिच्यात ११२ नावं होती, २०२३ मध्ये ९७ उरली, सप्टेंबर २०२५ मध्ये १५८ झाली. म्हणून ‘यादीतल्या कंपन्या’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर विचार: कुठल्या तारखेची यादी? यादी बदलली की ठराव आपोआप बदलणार का? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने मे २०२४ मध्ये याच यादीवरच्या इस्रायली कंपन्यांपुरतं हो म्हटलं होतं. मर्यादा स्पष्ट होती म्हणून अंमलबजावणीला जागा होती.

आता तुमच्या स्वतःच्या तिजोरीबद्दल, आणि इथे जरा जपून. यूसी डेव्हिसच्या विद्यार्थी सिनेटने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सुमारे दोन कोटी डॉलरच्या बजेटातला पैसा बहिष्काराच्या यादीतल्या कंपन्यांवर खर्च करायचा नाही असा कायदाच केला. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये यूसीच्या अध्यक्षांनी सगळ्या कॅम्पसना पत्र पाठवून स्पष्ट केलं की विशिष्ट देशाशी संबंध आहे म्हणून कंपन्यांवर आर्थिक बहिष्कार घालायला विद्यार्थी सरकारांनाही मनाई आहे. म्हणजे मत व्यक्त करणारा ठराव ही एक गोष्ट, आणि सिनेटच्या खर्चावर बंदी घालणारं कलम ही आता विद्यापीठाच्या धोरणाशी थेट टक्कर. तुझ्या ठरावात दुसऱ्या प्रकारचं कलम असेल तर मांडणाऱ्यांना विचार की ते रद्द झालं तर बाकीच्या ठरावाचं काय. बहुधा त्यांनाही माहीत नसतं. कलमं स्वतंत्र आहेत, एक रद्द झालं तरी बाकीची टिकतील, असं एक वाक्य शेवटी घालून ठेवणं शहाणपणाचं.

तिजोरीला कुलूप लावण्याचा उद्योग मिशिगन विद्यापीठातही झाला. तिथे मार्च २०२४ मध्ये निवडून आलेल्या गटाने ठरवलं की विद्यापीठ गुंतवणूक काढत नाही तोवर विद्यार्थी क्लबांचं अनुदानच सोडायचं नाही. अडकले कोण? नाचाचे क्लब, क्रीडा क्लब. रीजंट्सचं काहीच अडलं नाही. त्याच वर्षाअखेर विद्यार्थी अध्यक्ष आणि उपाध्यक्षांवर महाभियोग चालून दोघांची पदं गेली. मागणी बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवला तरी, ज्याच्याकडून काही हवं आहे त्याचं नाक दाबायचं सोडून शेजाऱ्याचं दाबण्यातला हा प्रकार होता.

क्लबांचं निघालंच आहे तर लक्षात ठेव, अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने २००० साली विस्कॉन्सिनच्या साउथवर्थ खटल्यात सांगितलंय की सार्वजनिक विद्यापीठात सक्तीच्या विद्यार्थी शुल्कातला पैसा वाटताना क्लबाचा विचार कुठला हे बघता येत नाही. तेव्हा ‘झायोनिस्ट क्लबला पैसा बंद’ किंवा ‘पॅलेस्टाइनवाल्यांना पैसा बंद’ असली उपसूचना कुणीही मांडली तरी ती तिथेच थांबव.

आणखी एक शब्द शोध: बीडीएस, म्हणजे इस्रायलवर बहिष्कार, गुंतवणूक काढणं आणि निर्बंध. ९ जुलै २००५ रोजी १७० हून अधिक पॅलेस्टिनी संघटनांनी दिलेली ही हाक. तिच्या मागण्या तीन: इस्रायलचा कब्जा संपवून वेस्ट बँकेतली भिंत पाडणं, इस्रायलच्या अरब नागरिकांना समान हक्क, आणि पॅलेस्टिनी निर्वासितांना संयुक्त राष्ट्रांच्या ठराव १९४ प्रमाणे परतण्याचा हक्क. पुष्कळ विद्यार्थ्यांना पहिली मागणी पटते, तिसरीवर ते अडखळतात, कारण विरोधकांच्या मते तिसरीचा अर्थ ज्यू बहुसंख्येचं राष्ट्रच उरणार नाही असा होतो. समर्थकांच्या मते तो मूलभूत मानवी हक्क आहे. तुमचा ठराव पाच कंपन्यांबद्दल बोलतोय की चळवळीला पूर्ण पाठिंबा देतोय? त्यात इस्रायली विद्यापीठांशी संबंध तोडण्याचंही कलम असेल तर तो शैक्षणिक बहिष्कार झाला, त्याचा गुंतवणुकीशी काही संबंध नाही. तुला एक पटत असेल आणि दुसरं नाही, तर मतदानाआधी ‘प्रश्न विभागून घ्या’ असा प्रस्ताव मांड. रॉबर्ट्स रूल्स या सभेच्या नियमावलीप्रमाणे त्याला साधं बहुमत पुरतं. तुझ्यासारख्या कुंपणावर अडकलेल्या सिनेटरच्या हातातलं हे सगळ्यात उपयोगी हत्यार, आणि ते वापरायचं कुणालाच सुचत नाही.

मतांचं गणित आधी करून ठेव. तुमच्या सिनेटच्या घटनेत साधं बहुमत लिहिलंय की दोन तृतीयांश? दोन तृतीयांश कशाचे: हजर असलेल्यांचे, की हो-नाही म्हणणाऱ्यांचे? स्टॅनफर्डमध्ये फेब्रुवारी २०१५ मध्ये ठरावाला ९ विरुद्ध ५, एक तटस्थ अशी मतं पडली आणि तो पडला, कारण १४ पैकी ९ म्हणजे ६४ टक्के, दोन तृतीयांशांना कमी. आठवड्याने पुन्हा मतदान झालं, १० विरुद्ध ४, एक तटस्थ, आणि तो मंजूर झाला. तटस्थालाही मोजलं तर १५ पैकी १०, म्हणजे बरोब्बर काठावर. एका माणसाच्या मन बदलण्यावर सगळं फिरलं. यूसी बर्कलीत मार्च २०१० मध्ये जनरल इलेक्ट्रिक आणि युनायटेड टेक्नॉलॉजीज या दोन कंपन्यांबद्दलचा ठराव १६ विरुद्ध ४ असा दणदणीत मंजूर झाला. अध्यक्षाने व्हेटो केला. व्हेटो मोडायला १४ मतं हवी होती आणि आधी १६ असूनही ती जमली नाहीत. मधल्या दिवसांत काही जण पाघळले. तिथेच २०१३ मध्ये दुसरा ठराव ११ विरुद्ध ९ ने झाला. म्हणून ‘माझ्या एका मताने काय होतंय’ हे आईला सांगायला ठीक आहे, स्वतःला सांगू नकोस.

मंजुरीनंतर तुमचं न्यायिक मंडळही आडवं येऊ शकतं. डेव्हिसमध्ये २०१५ साली मंजूर झालेला ठराव विद्यार्थी न्यायालयाने रद्द केला, कारण विद्यार्थ्यांच्या हिताशी त्याचा थेट संबंध त्यांना दिसला नाही. ठरावाच्या वरच्या भागात ‘आपल्या कॅम्पसच्या पैशाशी आणि विद्यार्थ्यांशी याचा संबंध काय’ हे चार ओळींत लिहिलेलं आहे का, बघ. नसेल तर तो टिकणं अवघड.

आणि मंजूर होऊनही रीजंट्स ऐकतील का? नजीकच्या काळात नाही. एप्रिल २०२४ मध्ये यूसीने इस्रायलविरुद्धच्या बहिष्काराला आणि गुंतवणूक काढण्याला जाहीर विरोध नोंदवलाय. पण ‘यूसी कधीच असं करत नाही’ असं कुणी म्हणालं तर तेही खोटं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाच्या वेळी १९८६ मध्ये केलं, सुदानबाबत २००६ मध्ये नऊ कंपन्यांची नावं घेऊन केलं, खनिज इंधनांबाबत २०२० मध्ये केलं. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत विद्यार्थ्यांची मागणी आणि रीजंट्सचा होकार यांत कित्येक वर्षं गेली.

बैठकीची रात्र. तुझ्याइतकीच तुझ्या सभापतीची ही परीक्षा आहे. दोनशे वक्ते, प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे चारशे मिनिटं, जवळपास पावणेसात तास. संध्याकाळी सातला सुरू झालं तर पहाटे पावणेदोनच्या सुमाराला वक्ते संपतात आणि मग तुमची चर्चा. मिशिगनमध्ये २०१७ चं मतदान असंच रात्रभर चाललेल्या बैठकीत झालं, २३ विरुद्ध १७, पाच तटस्थ. पहाटे तीनला लोक झोपेत उपसूचना मान्य करतात आणि दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावतात. आत्ताच सभापतीला लिही: ठराव कार्यक्रमपत्रिकेत पहिला घ्या, वक्त्यांना एकेक मिनिट द्या, बाजूने एक विरोधात एक असे आलटून पालटून बोलवा, आपल्या कॅम्पसच्या विद्यार्थ्यांना आधी संधी द्या, आणि मध्यरात्री थांबून उरलेलं दुसऱ्या बैठकीत घ्या. उपसूचना ४८ तास आधी लेखी मागवा. तारीखही तपास. टफ्ट्स विद्यापीठात २०१७ चं मतदान पासओव्हर या ज्यू सणाच्या आदल्या दिवशी ठेवलं गेलं. ठराव १७ विरुद्ध ६, आठ तटस्थ असा मंजूर झाला, पण घरी गेलेल्या ज्यू विद्यार्थ्यांना आपल्या पाठीमागे उरकल्याची भावना राहिली ती राहिलीच. रमजान-ईदची तारीखही तितकीच बघायची.

गुप्त मतदानाची मागणी येईल. मिशिगनमध्ये ते गुप्तच झालं होतं. व्हिसावरच्या सिनेटरांना त्याचं आकर्षण वाटणं समजण्यासारखं आहे, आणि तुझ्यासारखे दोघे-तिघे असतील तर मागणी करायला हरकत नाही. मात्र निवडून दिलेल्यांना आपला प्रतिनिधी काय करतो हे कळण्याचा हक्क आहे, हा आक्षेपही हलका नाही.

शेकडो मेलचं भय बाळगू नकोस. त्यांतले किती तुमच्या कॅम्पसच्या पत्त्यावरून आलेत ते गाळून बघ. दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या संघटना एका क्लिकवर मेल पाठवायची सोय करून देतात, म्हणून तेच वाक्य तीनशे वेळा दिसतं. कॅम्पसवरच्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेले उरतील ते पंधरा-वीस. त्यांना उत्तर दे. कुठल्याही संघटनेकडून सहल, जेवण, तिकीट घेऊ नकोस. यूसीएलए, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसवर, दोन सदस्य अशा प्रायोजित सहलीला इस्रायलला गेले होते म्हणून २०१४ मध्ये प्रकरण न्यायिक मंडळापर्यंत पोचलं. मंडळाने त्यांना दोषी धरलं नाही, पण मूळ विषय सोडून वाद तिकडेच वळला.

त्याच यूसीएलएत फेब्रुवारी २०१५ मध्ये याहून वाईट घडलं. न्यायिक मंडळावर नेमणुकीसाठी आलेल्या एका विद्यार्थिनीला सदस्यांनी विचारलं, तू ज्यू समाजात सक्रिय आहेस, तर निःपक्षपाती कशी राहशील? आधी तिची नेमणूक अडली, मग एकमताने झाली, मग जाहीर माफी मागावी लागली. विचारणाऱ्यांना आपण काही चुकीचं विचारतोय असं वाटलंही नव्हतं, हेच त्यातलं भयंकर. तुमच्या बैठकीत ‘तू ज्यू आहेस, तू मतदानातून बाजूला हो’ किंवा ‘तुझे नातेवाईक गाझात आहेत, तुझं मत धरू नये’ असं कुणी म्हणालं तर तू ताबडतोब हरकत घे, तुझं मत कुठलंही असो. हितसंबंध म्हणजे पैसा किंवा पद. धर्म, वंश, नातेवाईक नव्हे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण दोघींनाही सारखंच लागू आहे, रूममेटला आणि लॅब पार्टनरलाही.

व्हिसा. इथे आई-बाबांची काळजी मी उडवून लावणार नाही. टफ्ट्सची तुर्की पीएचडी विद्यार्थिनी रुमेसा ओझतुर्क सिनेटरसुद्धा नव्हती. विद्यार्थी सिनेटने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ठरावांची विद्यापीठाने दखल घ्यावी, असा लेख तिने तिघांसोबत कॉलेजच्या वर्तमानपत्रात लिहिला. वर्षभराने, २५ मार्च २०२५ ला, तिला रस्त्यावरून उचललं, लुइझियानात नेलं, आणि ती ९ मे रोजी न्यायालयाच्या आदेशाने सुटली. सहा आठवड्यांहून जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायाधीशांनी पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्या परदेशी विद्यार्थी-प्राध्यापकांना असं लक्ष्य करणं घटनाबाह्य ठरवलं. तुला मत देण्याचा आणि बोलण्याचा हक्क आहे, एफ-१ च्या अटींत विद्यार्थी सरकारला मनाई नाही. पण हक्क असणं आणि तो सिद्ध होईपर्यंत कोठडीत बसावं न लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. धोका किती, हे मोजून देता येत नाही. तो शून्य नाही, एवढं पक्कं.

म्हणून बैठकीआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा सीनियर हा वकील नव्हे. यूसीच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत इमिग्रेशन कायदेसेवा आहे, तुझ्या व्हिसाला ती मिळते का ते विचार, नाहीतर कॅम्पसच्या विद्यार्थी विधिसेवेकडून नाव घे. वकिलाला तीन गोष्टी विचार: येत्या सहा महिन्यांत भारतात जाऊन परत येण्यात माझी अडचण किती, पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग बाकी आहे का, आणि जी-२८ फॉर्म आत्ताच सही करून तुमच्याकडे ठेवता येईल का. हा फॉर्म असला की प्रसंग आलाच तर वकील लगेच तुझ्या वतीने उभा राहू शकतो. त्याचा नंबर फोनमध्ये नको, कागदावर हवा, आणि एक प्रत रूममेटकडे. आय-२० (विद्यापीठाने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आणि आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद) यांच्या प्रती नाशिकला आई-बाबांकडे. रजिस्ट्रारकडे जाऊन फेर्पा या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली तुझा पत्ता-फोन डिरेक्टरीतून काढून टाकायला सांग. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, तेव्हा पुढच्या स्टॅम्पिंगला तुझं खातं कुणीतरी वाचणार हे धरून चाल. जुन्या पोस्टी घाईघाईने पुसण्याआधी वकिलाला विचार. पुसणंही कधीकधी वाईट दिसतं.

वकील म्हणाला की तुझी परिस्थिती नाजूक आहे, तर तटस्थ राहा, आणि इतिवृत्तात लिहून घे की इमिग्रेशनच्या कारणाने तटस्थ. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट अशा ठरावांवर परदेशी विद्यार्थ्यांची तोंडं का बंद आहेत हे तरी नोंदलं जाईल. तटस्थतेची चीड येते ती ती पळवाट म्हणून वापरली की. रूममेट आणि लॅब पार्टनर दोघींना खूश ठेवायला म्हणून तटस्थ राहिलीस तर दोघीही नाराज होतील, आणि बरोबरच होतील.

या दोघींना मतदानाआधी वेगवेगळं भेट. पटवायला जाऊ नकोस, ठरावातलं एकेक कलम समोर ठेव आणि विचार, यातलं तुला सगळ्यात जास्त काय लागतं? रूममेट कदाचित म्हणेल की मी भरलेल्या फीच्या संस्थेचा पैसा त्या बॉम्बमध्ये नको, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पॅलेस्टिनी प्रदेशावरचा इस्रायलचा कब्जा बेकायदा असल्याचं मत दिलंय. लॅब पार्टनर कदाचित म्हणेल की जगात इतकी युद्धं असताना सिनेट फक्त याच देशाबद्दल रात्र जागवते, आणि ठराव झाला की वसतिगृहात माझ्याकडे बघण्याची नजर बदलते. ही उत्तरं तुला भाषणात वापरायची असतील तर आधी त्यांची परवानगी घे.

आजीच्या शेजाऱ्यांची पत्रं मात्र भाषणात नकोत. रेवदंडा-अलिबागकडच्या शनिवार-तेल्यांचं, म्हणजे बेने इस्रायलींचं, कोकणाशी असलेलं नातं खरं आहे, जिव्हाळ्याचं आहे, इस्रायलमध्ये आजही मराठी बोलणारी घरं आहेत. पण त्या नात्याने तुला ना या ठरावाच्या बाजूने बोलायचा जास्तीचा हक्क मिळतो ना विरोधात. कुणीतरी ते वाक्य तोडून पोस्टरवर लावेल आणि मग तुझ्या आजीवर अनोळखी लोक चर्चा करतील.

माझं मत विचारशील तर: कंपन्यांची नावं किंवा मोजता येणारा निकष असलेला, तारीख घातलेला, रीजंट्सना आवाहन करणारा ठराव असेल तर त्यावर हो किंवा नाही म्हणणारा कुठलाही सिनेटर मला प्रामाणिक वाटेल. नावं नसतील, चळवळीला घाऊक पाठिंबा आणि सिनेटच्या खर्चावर बंदी एकत्र बांधलेली असेल, तर तो विभागून घ्यायला लाव किंवा समितीकडे परत पाठव. तेवढंही कुणी करू दिलं नाही, तर आहे त्या स्वरूपात त्याला नाही म्हणणं मला जास्त पटेल, आणि सुधारून आणलात तर पुन्हा विचार करीन हेही त्याच वेळी सांगावं.

मत देताना नव्वद सेकंदांचं निवेदन लेखी तयार ठेव, वाचून दाखव आणि ते इतिवृत्ताला जोडायला सांग. कुठल्या कलमाला हो, कुठल्याला नाही, आणि का. त्यात गाझाबद्दल तुला जे वाटतं ते एका वाक्यात जरूर म्हण, हमासने ओलीस ठेवलेल्यांबद्दलही. लिहून झाल्यावर ते एकदा वकिलाला वाचायला दे. उद्या सकाळी दोन मेल पाठव: सभापतीला बैठकीच्या नियमांबद्दल, आणि वकिलाकडे वेळ मागणारा. दुसरा आधी.